डोंगा आपला, जोखीम कोणाची?

आज आपण डोंग्याबद्दल बोलणार आहोत. वैनगंगा, चुलबंद आणि शेकडो तलावांच्या काठच्या आपल्या गावांत डोंगा ही मागून नेण्याची वस्तू आहे. शेजारणीकडून सूप नेतो, शिडी नेतो, फवारणीचा पंप नेतो, तसाच डोंगाही नेतो. "भाऊ, आजच्या दिवस डोंगा द्या ना जी, रोवण्याले जावाचं आहे," एवढं म्हटलं की काम होतं. नाही म्हणणाऱ्याला गाव नाव ठेवतं.

पण सूप फुटलं तर सूपच फुटतं. डोंगा उलटला तर माणूस जातं. मग प्रश्न उभा राहतो की जबाबदारी कोणाची? ज्याचा डोंगा त्याची, की ज्यानं मागून नेला त्याची? आणि विम्याचे पैसे कोणाला मिळतात? आमच्या बचत गटांच्या बैठकांत हा प्रश्न वारंवार निघतो, कारण गटातल्या कितीतरी बायांच्या घरी डोंगा आहे आणि त्याहून जास्त बाया रोजीसाठी दुसऱ्याच्या डोंग्यात बसून पलीकडे जातात. या प्रश्नाचं उत्तर दीडशे वर्षांच्या इतिहासात दडलेलं आहे. म्हणून आज थोडं मागं जाऊया.

भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा झाला, त्याआधी तर नवेगावबांधसारखे मोठे तलावही आपल्याच जिल्ह्यात होते. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचं नाव मोठं, आणि तलावाच्या पाण्यावर जगणाऱ्यांत ढिवर समाजाचं. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर ग्रंथ लिहिला. त्यात ढिवरांचं वर्णन मासे मारणारे, पालखी वाहणारे आणि तलावात शिंगाडा लावणारे असं आहे. मासे आणि शिंगाडा, दोन्ही कामांना डोंगा लागतो. त्यामुळे गावात डोंगा असायचा तो बहुतेक ढिवराच्या दारी.

नदीकाठच्या गावांत हाच डोंगा माणसंही उतरवायचा. पवनीसारखं गाव बघा. तिथं १९६९-७० च्या उत्खननात बौद्ध स्तूप सापडला, म्हणजे दोन हजार वर्षांपासून वैनगंगेच्या त्या काठावर वस्ती आणि ये-जा आहे. गटातल्या वयस्क बाया सांगतात की नावाड्याला दर खेपेला पैसे देत नसत, धान निघालं की खळ्यावरून त्याचा वाटा जाई. वर्षभर उतरवलं त्याचं ते देणं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे.

इंग्रजांच्या राज्यात भंडारा मध्य प्रांतात होता. त्या काळात तीन कायदे आले आणि तिन्हींचा आपल्या डोंग्याशी संबंध आहे.

पहिला १८६० चा दंड संहितेचा. त्यात एक खास कलम होतं, २८२ वं. भाडं घेऊन माणसांना पाण्यातून नेणारी नाव धोकादायक असेल किंवा तिच्यात प्रमाणाबाहेर माणसं भरली असतील, तर नेणारा गुन्हेगार. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत. हेच कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत २८४ या क्रमांकानं आलं आहे. तुरुंगवास तेवढाच, दंड मात्र वाढून ५,००० रुपयांपर्यंत झाला.

दुसरा १८७२ चा करार कायदा. आपली वस्तू दुसऱ्याच्या हाती काही काळासाठी दिली तर दोघांची जबाबदारी काय, हे त्यात सांगितलं आहे. हा कायदा आजही चालू आहे.

तिसरा १८७८ चा, नॉर्दर्न इंडिया फेरीज अ‍ॅक्ट, म्हणजे नदी उतरण्याच्या घाटांचा कायदा. नाव उत्तर हिंदुस्थानचं असलं तरी तो मध्य प्रांतालाही लावला होता. सरकार एखादा घाट सरकारी म्हणून जाहीर करी आणि तिथला उतारा वसूल करण्याचा हक्क लिलावानं देई. लिलाव घेणाऱ्याला दराचा फलक सगळ्यांना दिसेल असा लावावा लागे. नाव केवढी असावी, तिच्यावर किती माणसं आणि किती जनावरं चढवावी, याचे नियम करण्याचा अधिकार सरकारला होता. सरकारी घाटापासून दोन मैलांच्या आत दुसऱ्या कोणी घाट चालवायचा नाही अशी बंदी होती. पण जी नाव भाड्यानं चालत नाही तिला ही बंदी नव्हती.

मैत्रिणींनो, या तिन्ही कायद्यांत एक धागा दिसतो. पाण्यात नाव घालणाऱ्याला कायदा पहिला प्रश्न विचारतो, "भाडं घेतलं का?" फुकट दिलेली नाव आणि मोबदला घेऊन दिलेली नाव, या दोघींना कायदा दीडशे वर्षांपासून वेगळं मोजतो.

आता १८७२ च्या कायद्यात थोडं आत जाऊ. त्यात समजावण्यासाठी घोड्याची आणि गाडीची उदाहरणं दिली आहेत. आपण घोड्याच्या जागी डोंगा ठेवून बघू.

समजा एका वहिनीनं आपला डोंगा शेजारच्या काकूंना फुकट दिला. बुडाजवळची फळी ढिली आहे हे वहिनीला माहीत होतं, पण ती बोलली नाही. मध्यावर पाणी शिरलं आणि काकूंना इजा झाली. कलम १५० प्रमाणे जबाबदारी वहिनीची. दोष माहीत असून लपवणं ही फुकट देणाऱ्याचीही चूक धरली जाते. पण फळीचं तिला खरंच माहीत नसेल, तर फुकट देणारी म्हणून तिला सूट आहे.

आता समजा वहिनीनं तोच डोंगा भाड्यानं दिला. फळी ढिली असल्याचं तिला ठाऊक नव्हतं. तरीही जबाबदारी तिचीच. भाडं घेतलं की "मला माहीत नव्हतं" हे उत्तर चालत नाही. भाडं घेणाऱ्यानं आधी तपासायला हवं होतं, असं कायदा म्हणतो.

मागून नेणारीवरही ओझं आहे. कलम १५१ प्रमाणे तिनं तो डोंगा शहाण्या माणसानं स्वतःची वस्तू जपावी तसा जपायचा. आणि कलम १५४ तर आपल्या गावासाठीच लिहिल्यासारखं आहे. ज्या कामासाठी वस्तू दिली, त्याबाहेर वापरली किंवा ज्याला दिली त्यानं ती तिसऱ्याला दिली, तर नुकसानीची भरपाई नेणाऱ्यानं करायची. अगदी तिसऱ्यानं काळजी घेतली असली आणि केवळ अपघात झाला असला, तरीही. म्हणजे शिंगाडे काढायला म्हणून नेलेला डोंगा काकूंनी भाच्याला जाळं टाकायला दिला आणि तो फुटला, तर भाच्याला पुढे करून काकू सुटत नाहीत. नेणारी ठरल्याच्या उलट वापरते आहे असं दिसलं तर मालकीण डोंगा लगेच परत मागू शकते. फुकट दिलेला डोंगा तर मुदतीआधीही परत मागता येतो.

ही झाली डोंग्याची आणि उसन्या व्यवहाराची गोष्ट. माणसाचा जीव गेला तर हिशेब आणखी कडक होतो. हयगयीनं मृत्यू घडवला असं ठरलं तर न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. इथं भाडं घेतलं की नाही याला महत्त्व राहत नाही, हयगय झाली का एवढंच बघतात. त्याशिवाय गेलेल्या माणसाचे घरचे दिवाणी न्यायालयात भरपाई मागू शकतात. आणि नुसता डोंगा न देता आपला माणूस वल्हवायला पाठवला, तर त्याच्या हातून झालेली चूकही पाठवणाऱ्याच्या अंगावर येऊ शकते.

आता ती खळ्यावरच्या धानाची गोष्ट आठवा. आपल्याकडे भाडं असं रोख हातात पडत नाही. डोंगा नेला तर एक दिवस रोवणीला यायचं. मासे मिळाले तर त्यातला वाटा द्यायचा. शिंगाड्याचं टोपलं आणून द्यायचं. आपण याला भाडं म्हणत नाही, माणुसकी म्हणतो. पण कायद्यात मोबदला म्हणजे फक्त नोटा नव्हेत. आधी ठरवून घेतलेलं धान किंवा ठरवून घेतलेली मजुरी हाही मोबदलाच. प्रेमानं नंतर आणून दिलेले चार मासे वेगळे, आणि "नेतेस तर नेत जा, पण दर खेपेला एवढं दे" असं ठरवून घेतलेले मासे वेगळे. फुकट दिल्याचं आपण मानतो आणि कागदावर ती भाड्याची नाव ठरते, असा फसवा मामला इथं आहे.

आता विम्याकडे येऊ. आपल्या देशात मोटारीखाली सापडणाऱ्या तिसऱ्या माणसासाठी विमा सक्तीचा झाला तो १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानं, आणि तो भाग प्रत्यक्ष लागू झाला १ जुलै १९४६ पासून. नावांपर्यंत यायला आणखी तीस वर्षं लागली. १९१७ चा आगबोटींचा कायदा होता, त्यात १९७७ साली दुरुस्ती होऊन इंजिनच्या नावांना मोटारीसारखाच तिसऱ्या माणसाचा विमा लावला गेला. पुढे २०२१ साली अंतर्देशीय जहाजांचा नवा कायदा आला. त्यातही विम्याची सक्ती इंजिनच्या नावांना आहे. बिनइंजिनच्या नावांची नोंद आणि देखरेख जिल्हा परिषद, ग्रामपंचायत अशा स्थानिक संस्थांकडे सोपवावी, असं तो कायदा सांगतो.

म्हणजे वल्ह्याचा डोंगा प्रत्येक वेळी विम्याच्या बाहेरच राहिला. इंजिनचा विचार झाला, पण ज्यात आपण बसतो त्याचा झाला नाही.

आणि याच काळात आपलं पाणी बदललं. ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी गेली आणि मालगुजारांचे तलाव सरकारजमा झाले. आपण त्यांना मामा तलाव म्हणतो ते हे माजी मालगुजारी तलाव. मासेमारी सहकारी संस्थांकडे ठेक्यानं गेली. नद्यांवर पूल झाले. पूल झाला की सरकारी घाट बंद पडतो, हे बरोबरच आहे. पण घाटाबरोबर दराचा फलक गेला, किती माणसं बसवायची याचा नियम गेला आणि जबाबदार धरायला ठेकेदारही गेला. पूल दहा कोसांवर आणि शेत समोरच्या काठावर, अशा बायांचं उतरणं मात्र थांबलं नाही. त्या आता मागून आणलेल्या डोंग्यानं जाऊ लागल्या.

२२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते गोसेखुर्द धरणाची पायाभरणी झाली. धरणात पाणी अडल्यावर वैनगंगेचं पात्र फुगलं. धरणाच्या फुगवट्यात जिथं उन्हाळ्यात पायी उतरता येई, तिथं बारमाही खोल पाणी आलं. उथळ पाण्यात, दोन माणसांसाठी, जाळं टाकायला घडवलेला डोंगा आता खोल आणि वाऱ्याच्या पाण्यात आठ-आठ बाया घेऊन जातो. डोंगा तोच राहिला, पाणी बदललं आणि काम बदललं.

काम बदललं की काय होतं हे आपण बघितलं आहे. १४ सप्टेंबर २०२१ ला अमरावती जिल्ह्यातल्या वरुड तालुक्यात, झुंज इथं वर्धा नदीत नाव उलटली आणि ११ जण बुडाले. नातलग दशक्रियेसाठी जमलेले, नदीत फिरायला निघाले होते. ७ मे २०२३ ला केरळातल्या तानूरला मासेमारीची बोट बदलून तिची प्रवासी बोट केलेली होती, तिच्यात प्रमाणाबाहेर माणसं चढवली. २२ जण गेले आणि पोलिसांनी बोटीच्या मालकाला अटक केली. आणि २३ जानेवारी २०२४ ला आपल्याच वैनगंगेत, खाली गडचिरोली जिल्ह्यात गणपूरजवळ नाव उलटली. त्यात बसलेल्या बाया मिरची तोडायला पलीकडे निघाल्या होत्या. आपल्यासारख्याच, रोजीच्या बाया. काहींचा जीव गेला.

मग आज आपल्या हाताशी कोणता विमा आहे? तीन गोष्टी वेगवेगळ्या समजून घ्या.

एक, माणसाचा विमा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना २०१५ साली सुरू झाली. तेव्हा वर्षाला १२ रुपये होते, १ जून २०२२ पासून २० रुपये झाले. वय १८ ते ७०. अपघाती मृत्यू झाला तर वारसाला २ लाख. बुडून मृत्यू यात येतो, पण पोलिसांकडे नोंद झालेली लागते. वर्ष १ जून ते ३१ मे असं चालतं, म्हणून मे महिन्यात खात्यात २० रुपये शिल्लक आहेत ना, हे बघायचं. नाहीतर हप्ता कापला जात नाही आणि ऐन रोवणीच्या दिवसांत विमा नसतो.

दोन, मच्छीमाराचा विमा. मत्स्यसंपदा योजनेत प्रत्यक्ष मासेमारी करणाऱ्यांसाठी गट अपघात विमा आहे. मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ५ लाख, अंशतः कायम अपंगत्वाला अडीच लाख, दवाखान्यात भरती झाल्यास २५,००० पर्यंत. हप्ता सरकार भरतं. पण हा विमा मच्छीमाराचा आहे. त्याच्या डोंग्यात बसलेल्या मजूर बाईला तो लागू होत नाही. डोंग्याच्या मालकाचा विमा आहे म्हणजे आपलाही आहे, असं समजू नका.

तीन, नावेचा आणि तिसऱ्या माणसाचा विमा. कोणाच्या घरी किंवा संस्थेकडे इंजिनची बोट असेल आणि तिची पॉलिसी असेल, तर त्यात "वापर" कोणता लिहिला आहे ते वाचून घ्या. मासेमारीसाठी विमा काढला आणि बोट वऱ्हाड उतरवायला दिली, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. चालवणारा कोण असावा याचीही अट असू शकते. बोट कोणाला देण्याआधी कंपनीला विचारा आणि उत्तर कागदावर घ्या. वल्ह्याच्या डोंग्याला अशी पॉलिसी बहुधा नसतेच. म्हणजे उद्या कोणी भरपाई मागितली तर ती डोंगेवाल्याला घरातूनच द्यावी लागेल, शेत विकून, नाहीतर गटाचं कर्ज काढून.

पुराची गोष्ट वेगळी. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला आणि भंडारा शहरात पाणी शिरलं. अशा वेळी डोंगा द्यायचा की नाही हा प्रश्नच नसतो, द्यायचाच. पण हेही माहीत असू द्या की आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ प्रमाणे बचावासाठी वाहन ताब्यात घ्यायचं तर प्रशासनाला लेखी आदेश द्यावा लागतो आणि त्याची भरपाई मिळते. इंजिन नसलेलं वाहनही त्यात धरलं आहे. डोंगा नेताना घाई असेल, तर पाणी ओसरल्यावर तलाठ्याकडून दोन ओळी लिहून घ्या.

आता कोणी म्हणेल की एवढं सगळं ऐकल्यावर डोंगा कोणाला देऊच नये. तसं आमचं म्हणणं नाही. डोंगा देणं बंद झालं तर पलीकडची रोजी बंद होईल, आणि ती बायांचीच बंद होईल. द्यायचा, पण बोलून द्यायचा. आमच्या गटांत आम्ही एक साधी पद्धत ठरवली आहे. गटाच्या वहीत एक पान डोंग्यासाठी ठेवायचं. त्यावर पाच गोष्टी लिहायच्या: डोंगा कोणाचा, नेते कोण, कोणत्या कामासाठी, किती माणसं बसणार आणि डोंग्यात काय दोष आहे. शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. "उजवीकडची फळी पाझरते, चारच्या वर बसू नये," एवढं लिहून दोघींच्या सह्या किंवा अंगठे घेतले, की दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्यानं सांगितलेलं आपलं काम आपण केलं.

मोबदला घेत असाल तर तोही लिहा आणि भाड्याची नाव समजूनच डोंगा दर वेळी तपासा. घेत नसाल तर "फुकट" असं लिहा. वाऱ्याच्या दिवशी आणि अंधारात देऊ नका. मालकाकडे बसणाऱ्या प्रत्येकीसाठी लाईफ जॅकेट नसेल, तर गटानं किंवा ग्रामसंघानं मिळून चार-सहा घेऊन ठेवावीत, डोंग्याबरोबर ती जातील आणि परत येतील. आणि बिनइंजिनच्या डोंग्यांची नोंद ग्रामपंचायतीनं ठेवावी, उतरण्याच्या जागी किती माणसं बसवायची याचा फलक लावावा, असा विषय ग्रामसभेत मांडा. १८७८ साली इंग्रज सरकार घाटावर फलक लावायला लावत होतं. आज आपली ग्रामपंचायत लावू शकते.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटानं दोन याद्या कराव्यात. गटातल्या कोणाच्या घरी डोंगा आहे, आणि कोण कोण पाणी उतरून कामाला जातं. दुसऱ्या यादीतल्या प्रत्येक नावापुढे २० रुपयांचा विमा चालू आहे की नाही, ते बँकेचं पासबुक उघडून लिहा. ज्या नावापुढे "नाही" येईल, त्या मैत्रिणीबरोबर त्याच आठवड्यात बँकेत जा. रोवणी सुरू व्हायच्या आत हे काम उरकायचं आहे.